पाचशे रुपयांचा फोटो

राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी अलिबागच्या कोर्टात सकाळपासून रीघ लागली होती. सगळ्यात जास्त गर्दी वाहनांच्या चलानांच्या पॅनेलपुढे. मोबाइलवर एक मेसेज येतो आणि गावोगावची माणसे धास्तावून कामधंदा टाकून कोर्ट गाठतात, हे कानावर आले म्हणून मी गेलो होतो.

काम झटपट उरकते. गाडीचा नंबर सांगा, रक्कम भरा, सही करा, पावती घ्या.

नागावचा एक वाडीवाला मात्र सही करीना. प्लास्टिकच्या पिशवीत त्याने आरसी, लायसन आणि चलानावरच्या फोटोची झेरॉक्स जपून आणली होती. "दादा, ही माझी गाडी नाय. बघा तरी." मी पाहिले. फोटोत मोटरसायकल, चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही, नंबरप्लेटवर चिखल. शेवटचा आकडा ३ म्हणा, ८ म्हणा. याची गाडी बाहेर उभी होती: स्कूटर, मागे नारळाची पोती बांधायला वेल्डिंग करून घेतलेला कॅरिअर. हा फरक शाळकरी पोरही सांगेल.

"पाचशे रुपयांसाठी कशाला, काका? भरून टाका," मागचा तरुण म्हणाला. एका वकिलांनीही समजुतीने तेच सांगितले. पाचशेच तर आहेत! दिवसभर हाच आकडा कानावर पडत होता.

"भरले म्हंजे मीच तो, असं झालं ना?" वाडीवाल्याने विचारले. त्यावर कोणी बोलले नाही.

वकिलांचेही म्हणणे चूक नव्हते. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने उभी राहिलेली लोकअदालत ही तडजोडीची जागा. दोन्ही बाजू राजी असतील तरच निवाडा, आणि त्यावर अपील नाही. दोषी कोण हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली जालोर सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. पण ज्याने गुन्हाच केला नाही, त्याने तडजोड कशाची करायची? त्याची वाट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे तारीख, वकील, बुडालेला दिवस. पाचशेचे चलान लढायला पाचशेहून जास्त मोडतात, म्हणून निर्दोष माणूसही भरून मोकळा होतो. हे मला अन्यायाचे वाटते.

कॅमेऱ्याच्या चलानांसाठी केंद्राने २०२१ साली नियम १६७-अ आणला. यंत्राला प्रमाणपत्र हवे, रस्त्यावर ठळक फलक हवा, नोटीस १५ दिवसांत पाठवायला हवी. या वाडीवाल्याला चलान कळले ते थेट लोकअदालतीच्या मेसेजवरून.

त्याने सही केली नाही. कागद पिशवीत घातले आणि पुढे अर्ज कुठे करायचा, ते विचारून घेतले.

माझे मागणे एवढेच आहे: प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात लोकअदालतीच्या दिवशी आणखी एक टेबल मांडावे. फोटो आणि आरसी शेजारी शेजारी ठेवून चुकीचे चलान तिथल्या तिथे रद्द करण्याचा अधिकार असलेला माणूस त्यावर बसवावा. आणि वाचकांनो, मेसेज आला तर पैसे भरण्याआधी फोटो उघडून बघा. गाडी तुमची नसेल तर महाट्रॅफिक ॲपवर आधी तक्रार नोंदवा.