पावसाळी चराईपूर्वीचा गोऱ्ह्यांचा चाराखर्च

मुदखेड परिसरात लाल कंधारी गोवंशाचे गोऱ्हे, म्हणजे वाढत्या वयाचे नर, औतासाठी पोसले जातात, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीला बंदी असल्याने त्यांच्यावरील खर्च कामातून किंवा जिवंत जनावराच्या विक्रीतूनच भरून निघतो. हा भार उन्हाळ्यात, रानात गवत उगवण्यापूर्वी, सर्वाधिक जाणवतो.

चाऱ्याची किंमत वजनावर नव्हे, तर शुष्क पदार्थावर, म्हणजे पाणी वजा जाता उरणाऱ्या भागावर, जोखणे आवश्यक असते; हिरव्या चाऱ्यात तो सुमारे २० टक्के, तर कडब्यात ९० टक्के असल्याने, तीन रुपये किलोचा हिरवा चारा शुष्क पदार्थाच्या हिशेबात १५ रुपयांना पडतो आणि नऊ रुपयांचा कडबा अवघ्या दहा रुपयांना. दीडशे किलोच्या गोऱ्ह्याला रोज साधारण चार किलो शुष्क पदार्थ लागतो. कडब्याची कुट्टी केल्यास ताटांची नासाडी टळते. सोयाबीनचे भुसकट मात्र मातीविरहित आणि बुरशीमुक्त असावे.

प्रथिनांसाठी सरकी पेंड थोडीच, पण नियमित द्यावी, कारण माफक उपासमारीनंतर हिरवे गवत मिळताच जनावर वेगाने वाढते, ज्यास भरपाई वाढ म्हणतात, हे खरे असले तरी कोवळ्या वासरांची दीर्घ उपासमार अशी भरून निघत नाही. पहिल्या पावसानंतर चरायला सोडण्यापूर्वी थोडा कडबा घातल्यास कोवळ्या गवताने पोट फुगण्याचा धोका कमी होतो.