पाव्हलोव्हच्या नावावर काय काय खपतं!

नेत्याने घोषणा दिली, सभेने टाळ्या वाजवल्या, की लेखात येतं : ‘पाव्हलोव्हियन रिस्पॉन्स’. चॉकलेटच्या आशेने मूल पाढे म्हणतं, तेही पाव्हलोव्हियनच!

गैरसमज : अंगवळणी पडलेली कोणतीही कृती पाव्हलोव्हियन.

वस्तुस्थिती : रशियन शास्त्रज्ञ इवान पाव्हलोव्ह सेंट पीटर्सबर्गला मोजत होते ती कुत्र्याची लाळ. ती कुत्रा ठरवून गाळत नाही. अन्न तोंडात पडलं की लाळ सुटणं उपजतच. पण अन्नाआधी दरवेळी मेट्रोनोमची टकटक ऐकवली, तर काही दिवसांनी नुसत्या टकटकीनेही लाळ सुटते. शिकलेली प्रतिक्रिया ती एवढीच. आपल्याकडचं चोख उदाहरण चिंचेचं. जिभेवर ठेवलेल्या चिंचेने पाणी सुटणं निसर्गाचं. नुसतं नाव काढताच सुटणं पाव्हलोव्हचं. ज्याने चिंच कधी चाखलीच नाही, त्याचं तोंड कोरडंच राहणार.

पाढे म्हणणाऱ्या मुलाचा हिशेब वेगळा. ते बक्षिसासाठी काहीतरी करतं. कुत्र्याला मात्र काहीच करावं लागत नव्हतं, अन्न तसंही मिळणारच होतं. बक्षिसावर टिकणाऱ्या वागण्याचा अभ्यास अमेरिकेच्या बी. एफ. स्किनर यांनी कळ दाबून खाणं मिळवणाऱ्या उंदरांवर केला. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत पहिलं अभिजात अभिसंधान, दुसरं साधक अभिसंधान. सभेतल्या टाळ्या बहुतेकदा दुसऱ्या खात्यात जमा कराव्या लागतील.

गैरसमज : पाव्हलोव्ह म्हणजे घंटा, आणि त्याबद्दलच नोबेल.

वस्तुस्थिती : घंटा उगीच गाजली. मेट्रोनोम, बझर, दिवा, त्वचेला स्पर्श असे कितीतरी संकेत त्यांनी वापरले. आणि 1904चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी.

गैरसमज : एकदा जडलेली अशी प्रतिक्रिया कायमची.

वस्तुस्थिती : टकटक चालू ठेवून अन्न देणं थांबवलं, की लाळ हळूहळू आटते. मध्ये विश्रांती गेली तर काही वेळा पुन्हा डोकावतेही. अशा प्रतिक्रियेसाठी पाव्हलोव्ह यांनी वापरलेल्या रशियन शब्दाचा अर्थच ‘सशर्त’ असा आहे. इंग्रजी भाषांतरात तो ‘घडवलेला’ झाला आणि अटीची बाजू झाकली गेली.

तेव्हा ‘पाव्हलोव्हियन’ हा शब्द लिहिण्याआधी संकेत कोणता आणि शरीराची आपोआप उठलेली प्रतिक्रिया कोणती, हे दोन्ही दाखवता येतं का ते पाहा. नसेल येत, तर ‘सवयीने’ लिहा.