आवाज, नख आणि घडी

कल्याण-शीळ रस्त्यापासून थोडं आत, पत्र्याच्या शेडमध्ये भंगाराच्या गोण्या उलट्या केल्या जातात आणि बायका प्लास्टिक निवडायला बसतात. एलडी, एचएम, पीपी, पेट असे ढीग वेगळे होत जातात. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो, पण पुष्कळदा तो झिजलेला किंवा छापलेलाच नसतो. "आधी आवाज ऐका," शेजारच्या मावशी म्हणाल्या आणि त्यांनी दोन पिशव्या चुरगळल्या. एक कुरकुरली, दुसरी गप्प राहिली.

दोन्ही पिशव्या इथिलीनच्याच. त्याचे हजारो रेणू जोडून लांब साखळी होते. फरक फक्त साखळीच्या ठेवणीचा. कुरकुरणाऱ्या एचएमच्या, म्हणजे एचडीच्याच एका प्रकाराच्या, साखळ्या जवळजवळ सरळ असतात, एकमेकींना लगटून बसतात. त्यामुळे पिशवी पातळ असूनही ताठ आणि धुरकट. एलडीच्या साखळ्यांना मात्र लहान-मोठे फाटे फुटलेले. बाभळीच्या फांद्या कितीही दाबून रचा, मध्ये पोकळी राहतेच, तसंच इथे. म्हणून ती पिशवी मऊ, आणि 110 अंशांच्या आसपास वितळते. सरळ साखळीच्या एचडीला 130 लागतात. फाटे असलेलं पॉलिथिन 1933 मध्ये इंग्लंडात प्रचंड दाबाखाली सापडलं. कमी दाबात सरळ साखळी घडवणारा उत्प्रेरक रसायनशास्त्रज्ञ कार्ल झीगलरला 1953 मध्ये मिळाला. 1960च्या दशकाच्या अखेरीस ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिल कंपनीचं इथिलीन आणि पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजचं एचडी तयार होऊ लागलं होतं.

टणक वस्तूंना नखाची परीक्षा. पॉलिथिनवर ओरखडा उठतो, पीपीवर, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनवर, सहसा उठत नाही. पीपीच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनला एक मिथिल गट असतो आणि हे गट एकाच बाजूला आले तरच ती नीट रचली जाते. ही शिस्त रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नाट्टाने 1954 मध्ये साधली. म्हणून पीपीचा डबा उकळत्या पाण्यातही टिकतो आणि झाकणाची पातळ बिजागरी हजारो वेळा दुमडली तरी तुटत नाही. उलट आइस्क्रीमचा पॉलिस्टायरीनचा चमचा वाकवला की टचकन मोडतो. त्याच्या साखळीला बेंझीनची जाड वलयं लटकलेली असतात. साखळ्या एकमेकींवरून सरकूच शकत नाहीत.

पलीकडे पाण्याची टाकी. बाटल्यांचा चुरा आत पडला की टोपणांचे तुकडे वर येतात, बाटलीचे तळाला जातात: टोपण पीपीचं किंवा एचडीचं, पाण्याहून हलकं, पेटची घनता 1.38. पण खुर्चीच्या पीपीत खडूची भुकटी जास्त घातली असेल, तर तीही बुडते. "पाणी फसवतं," मावशी म्हणाल्या. "हाताने बघावंच लागतं."

पेटच्या ढिगातून त्यांनी एक निळसर बाटली उचलली आणि दुमडली. घडीवर पांढरी रेघ उमटली. "ही पीव्हीसी." पेटवर अशी रेघ सहसा येत नाही. टाकीत दोन्ही बुडतात, त्यामुळे पाण्याने हा भेद कळत नाही, आणि इथली चूक सगळ्यांत महाग पडते. पेट वितळायला 250 अंशांहून जास्त तापवावं लागतं. पीव्हीसीच्या साखळीला क्लोरीन जडलेलं असतं. त्या उष्णतेच्या कितीतरी आधी ते हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन सुटतं आणि पेटच्या साखळ्या तोडू लागतं. तुटक्या साखळ्यांचा दाणा पिवळा पडतो, त्यापासून ओढलेला धागा तुटतो. गोणीभर चांगल्या मालात थोडीशी पीव्हीसी राहिली तरी पुरे.

मोठ्या कारखान्यांत पीव्हीसी हुडकायला क्ष-किरणांचं यंत्र लावतात. मावशींना एक घडी पुरते, आणि पेटच्या दाण्याचा भाव त्या घडीवर ठरतो.