बाक बदललं म्हणून वॉरंट चुकत नाही!

नवापूर स्टेशनावरचं ते प्रसिद्ध बाक: अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी नंदुरबार जिल्ह्यात, तर स्टेशनमास्तर बसतात तापी जिल्ह्यात. समजा, पोलीस दिसताच एखादा आरोपी बाकावरून पलीकडे सरकला. सुटला का?

छे! अटक वॉरंट भारतभर चालतं आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 45 पोलिसांना देशात कुठेही पाठलाग करू देतं. अमेरिकेत आरोपी दुसऱ्या राज्यात पळाला, की एका गव्हर्नरला दुसऱ्याकडे रीतसर मागणी करावी लागते. आपल्याकडे ती भानगडच नाही.

खरी मजा तडीपाराची! त्याला सरकारच जिल्ह्याबाहेर काढतं. नंदुरबार जिल्ह्यातून तडीपार झालेला इसम बाकाच्या गुजरातकडच्या टोकाला निवांत बसू शकतो. विनापरवानगी चहाला इकडे आला, की गुन्हा.

आणि हो, पोलिसांना सापडला नाही, एवढ्यावर कोणी कायद्याने ‘फरार घोषित’ होत नाही. आधी वॉरंट. मग तो मुद्दाम दडून बसलाय असं कोर्टाला सकारण वाटलं, तर हजर होण्यासाठी किमान 30 दिवसांची मुदत देणारा जाहीरनामा. तो गावात चारचौघांत वाचायचा, आरोपीच्या घरावर डकवायचा, एक प्रत कोर्टाच्या इमारतीवर. व्हॉट्सॲपच्या जमान्यातही हे चुकत नाही! तरी आला नाही, तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते आणि गैरहजेरीचाच वेगळा गुन्हा: 3 वर्षांपर्यंत कैद, गंभीर गुन्ह्यात ‘घोषित गुन्हेगार’ ठरल्यास 7 वर्षांपर्यंत. अशा घोषित गुन्हेगाराला साधा प्रवासीही पकडू शकतो, मात्र 6 तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं. (सेल्फीच्या नादात हे धाडस नको.) 1 जुलै 2024 पासून त्याच्या गैरहजेरीत खटलाही चालवता येतो.

देशाची हद्द ओलांडली की मात्र खेळ बदलतो. 100 कोटी वा त्याहून मोठ्या घोटाळ्यांसाठी 2018 मध्ये वेगळा कायदा आला. त्याखाली पहिला ‘फरार आर्थिक गुन्हेगार’ ठरला विजय मल्ल्या, 5 जानेवारी 2019 रोजी, मुंबईच्या विशेष न्यायालयात.

हद्द ओलांडून सुटण्याचा एक प्रयत्न तर इतिहासात गाजला. ब्रिटिशांच्या कैदेतल्या सावरकरांनी 8 जुलै 1910 रोजी मार्सेलिसला बोटीतून उडी मारून फ्रान्सचा किनारा गाठला, पण तिथल्याच शिपायाने त्यांना पुन्हा ब्रिटिशांच्या हाती दिलं. वाद हेगच्या लवादापर्यंत गेला. 24 फेब्रुवारी 1911 चा निकाल: अटक नियमबाह्य, तरीही ब्रिटनवर त्यांना फ्रान्सला परत करण्याचं बंधन नाही.