गाडीची सर्व्हिसिंग शोरूमला की घरी? खारपाणपट्ट्यात आधी पाणी पाहा

दर्यापूर : "शोरूमले गाडी टाकली का बिल फुगलंच म्हनून समजा," ही तक्रार गावोगावी ऐकू येते. त्यात तेल्हारा किंवा दर्यापूरहून अकोला-अमरावती गाठायचं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून बरेच जण ऑइल आणि फिल्टर आणून घरीच काम उरकतात. त्यात वावगं काही नाही. पण आपल्याकडे एक चूक हमखास होते आणि ती थेट इंजिनवर जाते.

ती चूक पाण्याची. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर तालुक्यांतल्या कितीतरी गावांत बोअरचं पाणी खारट आहे. कूलंट कमी दिसलं की तेच पाणी ओतलं जातं. क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, धातू गंजतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की मग गाडी रस्त्यातच तापते. तशीच दामटली तर हेड गॅस्केट जातं आणि वाचवलेल्या सर्व्हिसिंगच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो. कंपनीने सांगितलेलं कूलंटच टाका. पाणी मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीलाही तेच. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

एअर फिल्टर, वायपर, टायरची हवा, डिपस्टिकवर ऑइल पाहणं ही कामं घरी आरामात होतात. पांदणीवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकातल्या मुदतीआधीच धुळीने भरतो. कागदी फिल्टर धुवू नये, बदलावा. ब्रेक, टायमिंग बेल्ट आणि एअरबॅगला घरी हात लावू नये. गाडीखाली शिरायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर तर अजिबात नाही.

प्रश्न राहतो वॉरंटीचा. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा मुख्य ठपका. बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी नाकारणंही आयोगाला मान्य नव्हतं. बाहेरच्या चुकीच्या कामाने झालेलं नुकसान मात्र वेगळं. कंपन्या अपिलात गेल्या. व्यवहारात पाहायचं तर वॉरंटी असेपर्यंत अधिकृत सेंटरलाच जाणं आणि बिलं जपून ठेवणं सोयीचं. क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न सर्व्हिसिंग कुठे केली हाच असतो.

तिथेही डोळे उघडे हवेत. सुरुवातीच्या फ्री सर्व्हिसिंगमध्ये मजुरी फुकट असते, ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतातच. जॉब कार्डवर सही करण्याआधी अंदाजे खर्च लिहून घ्या. इंजिन फ्लशिंग, एसी क्लीनिंग अशी नावं दिसली तर "हे पुस्तकात कुठं लिहिलं आहे भाऊ?" एवढं विचारा. बदललेले जुने पार्ट परत मागा.

घरी ऑइल बदलणाऱ्यांनी ग्रेड पुस्तकातला पाहावा आणि ड्रेन बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळू नये, आटे गेले तर चेंबरच बदलावा लागू शकतो. निघालेलं काळं ऑइल नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.