नमुना आणि नोंद : बर्कले येथील विद्यापीठीय संग्रहालय

नोंदीवाचून नमुना ही केवळ शोभेची वस्तू होय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पृष्ठवंशीय प्राणिशास्त्र संग्रहालयाची (स्थापना १९०८) उभारणीच या जाणिवेवर झाली. प्रथम संचालक जोसेफ ग्रिनेल यांनी प्रत्येक नमुन्याचे स्थळ, दिनांक व अधिवास टिपण्याचा दंडक घातला. संग्रहाचे खरे मोल कदाचित शतकानंतर कळेल, असे त्यांनी १९१० मध्ये लिहिले होते.

योसेमिटी परिसरात १९१४ ते १९२० दरम्यान झालेले सर्वेक्षण २००३ पासून त्याच नोंदींच्या आधारे पुन्हा करण्यात आले. २८ लहान सस्तन प्रजातींपैकी निम्म्यांच्या वास्तव्याच्या उंचीच्या मर्यादा सरासरी सुमारे ५०० मीटर वर सरकल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या वह्या नसत्या तर ही तुलनाच अशक्य होती. पदवीचे विद्यार्थीही येथे नमुना तयार करून त्याची चिठ्ठी लिहावयास शिकतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील चिठ्ठी गळालेल्या बरणीपुढे हे शिक्षण घडत नाही.