शुभेच्छांच्या वेषातील तोतये

सणावाराला आप्तेष्टांकडून अभीष्टचिंतनाची पत्रे यावीत, आणि ती आली असता पाकीट फोडण्यापूर्वी पाठविणाराच्या हेतूविषयी शंका घेऊ नये, हा आपल्या समाजाचा जुना शिष्टाचार आहे. आणि टपालाची जागा ईमेलने व व्हॉट्सॲपने घेतल्यापासून नेमक्या याच शिष्टाचारावर भामट्यांचा व्यापार चालू लागला आहे. अडाणी मनुष्यच अशा फसवणुकीस बळी पडतो, ही समजूत सोयीची असली तरी खरी नाही. १७६१ साली पानिपतावर नाहीशा झालेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक तोतया उभा राहिला आणि १७७६ साली त्याने पुण्याच्या कारभाऱ्यांना जेरीस आणले, ते लोक निर्बुद्ध होते म्हणून नव्हे, तर भाऊसाहेब जिवंत असावेत अशी अनेकांची मनापासून इच्छा होती म्हणून. जे खरे असावे असे आपल्याला वाटते त्याची खातरजमा करण्यास आपण सहसा धजत नाही, आणि शुभेच्छापत्राच्या मिषाने येणारा तोतया मनुष्यस्वभावाची ही खोड पुरती ओळखून असतो.

या विद्येचा सर्वांत गाजलेला प्रयोग ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून झाला. ईमेलच्या विषयाच्या जागी ‘आय लव्ह यू’ एवढेच शब्द होते आणि सोबत प्रेमपत्राच्या नावाची एक फाइल जोडलेली होती. त्या नावाच्या अखेरीस साध्या मजकुराची खूण असणारी ‘टीएक्सटी’ ही अक्षरे दिसत. परंतु त्यांच्याही पुढे ‘व्हीबीएस’ ही, म्हणजे संगणकाला थेट हुकूम सोडणाऱ्या फाइलीची अक्षरे होती, आणि ओळखीच्या प्रकारांची ही अखेरची अक्षरे झाकून ठेवण्याची विंडोजची रीत असल्यामुळे ती पुष्कळांच्या दृष्टीस पडलीच नाहीत. फाइल उघडताच ती संगणकातील छायाचित्रांवर व अन्य काही फाइलींवर स्वतःची प्रत चढवून त्या नष्ट करी, आणि उघडणाराच्या पत्त्यांच्या वहीतील प्रत्येकाकडे, त्याच्याच नावाने, पुन्हा रवाना होई. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला आपली ईमेल-व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. आणि ज्या तरुणावर संशय होता त्याच्यावरील खटला, अशा कृत्यास लागू पडेल असा कायदाच त्या देशात तेव्हा नसल्यामुळे, उभा राहू शकला नाही. पत्र ओळखीच्या माणसाच्या पत्त्यावरून आले, एवढ्यावरून ते त्याने पाठविले असे ठरत नाही, हा धडा जगाला त्या दिवशी मिळाला.

२००७ साली ‘स्टॉर्म’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या उपद्रवाने प्रथम युरोपातील वादळाच्या बातमीचे आमिष वापरले आणि पुढे शुभेच्छापत्रांचा मार्ग धरला. ‘तुमच्या एका कुटुंबीयाने’, ‘एका शेजाऱ्याने’ किंवा ‘वर्गमित्राने’ तुम्हांस पत्र पाठविले आहे, असा त्यांतील मजकूर असे. दुव्यावर बोट ठेवणाराचा संगणक त्याच्या नकळत भामट्यांच्या फौजेत भरती होई आणि त्याच्याकरवी तशीच पत्रे इतरत्र धाडली जात. या मजकुरात नाते होते, नाव मात्र नव्हते. ज्याला खरोखर तुमचे अभीष्ट चिंतायचे आहे तो आपले नाव कशाला लपवील?

आपल्याकडे आता याच युक्तीने लग्नपत्रिकेचे रूप घेतले आहे. व्हॉट्सॲपवर पत्रिका म्हणून एक फाइल येते. पण तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात, आणि अशी फाइल म्हणजे चित्र नव्हे, अँड्रॉइड फोनमध्ये बसणारे ॲप असते. ती उघडू लागताच अनोळखी ठिकाणचे ॲप बसवू द्यावे काय, असे फोन विचारतो, आणि पाठोपाठ ते ॲप तुमचे एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती मिळाली की बँकेकडून येणारा ओटीपी तुमच्याबरोबर चोरासही वाचता येतो. लग्नाची तिथी आणि कार्यालयाचा पत्ता सांगण्यासाठी कोणत्याही पत्रिकेला तुमचे निरोप वाचावे लागत नाहीत, एवढा विचार त्या क्षणी सुचला तरी पुढचा अनर्थ टळतो.

चौकशीची रीत अवघड नाही. ईमेलवर दिसणारे नाव कोणालाही धारण करता येते, म्हणून नावामागचा संपूर्ण पत्ता पाहावा. दुवा उघडण्यापूर्वी त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंतचा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा. मालकी अखेरच्या अंशावरून ठरते, आरंभी बँकेचे नाव घातले म्हणून ती जागा बँकेची होत नाही. पत्त्याशेजारचे कुलूप वाटेत मजकूर कोणी वाचणार नाही एवढीच हमी देते. पलीकडचा इसम सचोटीचा आहे, असे ते सांगत नाही. शंका आल्यास त्याच पत्राला उत्तर न देता, आपल्यापाशी आधीपासून असलेल्या क्रमांकावर पाठविणारास फोन करावा. आणि भेट म्हणून पैसे जमा करावयाचे आहेत, असे सांगून कोणी यूपीआयचा पिन मागितल्यास तेथेच थांबावे. पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही.

इतके करूनही फसगत झाल्यास फोनचे इंटरनेट तोडावे, दुसऱ्या फोनवरून बँकेस वर्दी द्यावी व पासवर्ड बदलावेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या हयगयीने झालेले नुकसान बँकेस कळवीपर्यंत त्याच्या माथी असते, कळविल्यानंतरचे बँकेच्या. म्हणून विलंबाचा प्रत्येक तास महाग पडतो. संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसविणारास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु फिर्यादच नसेल तर कलम काय करील? फसविले गेल्याची लाज बाळगून गप्प बसणारा मनुष्य अजाणता चोराचाच कार्यभाग साधतो. तेव्हा वाचकहो, असा प्रसंग आलाच तर संकोच न करता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेला १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवा, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनमध्येही तो आजच नोंदवून ठेवा.